धोंडीराम पारख्याची जीभ

पाटोद्याच्या बाजारात तुपाचा सौदा धोंडीरामाच्या जिभेवर चालायचा. माल यायचा गुरलिंगअप्पांच्या आडतीत, भाव बोलायचे आप्पा, आणि डबे भरून बैलगाड्या करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरून पलीकडे इंग्रजी अंमलात नगरला जायच्या. पण कुणाचं तूप डब्यात पडायचं आणि कुणी आपली तुपाची चरवी उचलून घरी न्यायची, हे धोंडीराम सांगायचा. लाकडाच्या चिपेनं जरासं तूप घ्यायचं, डाव्या हाताच्या मागच्या बाजूला चोळायचं, नाकाशी न्यायचं, मग जिभेच्या शेंड्यावर ठेवायचं. लोणी किती दिवस साठवलं होतं, कढ जास्त झाला का, गाईच्या तुपात म्हशीचं मिसळलंय का, चरवीत आधी कधी करडईचं तेल होतं का, सगळं तो डोळे मिटून सांगायचा. दोन चरव्यांच्या मधे चार फुटाणे चावून चूळ भरायचा. बाजाराच्या दिवशी सकाळी कांदा नाही, मिरची नाही. तंबाखूला तर त्यानं जन्मात हात लावला नव्हता.

तसा तो साध्या कुणब्याचा धाकटा पोरगा. वाट्याला आलेली जमीन माळाची, दगडगोट्यांची. पण या जिभेनं त्याला मोठं केलं. लग्नाच्या पंगतीत आचारी आधी त्याच्यापुढे द्रोण आणून ठेवायचे. तो दोन बोटं बुडवून चाखायचा, मान हलवायचा, आणि मगच वाढपी पातेल्याला हात घालायचे. लोक त्याला धोंडीराम पारखी म्हणायचे. त्याला ते आवडायचं. कुणी नुसतं धोंडीराम म्हटलं की तो जरा उशिरानं ओ द्यायचा.

मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली गावोगाव माणसं किडामुंगीसारखी मेली. धोंडीरामही तापानं फणफणला. त्याची बायको छबुबाई उशाशी बसून राहिली, पेज पाजत राहिली, आणि तो त्यातून उठला. अंगात ताकद आली, पाय चालू लागले, केस गळले होते तेही परत आले. एक दिवस छबुबाई चुलीपुढं मिरच्या भाजत होती. खकाणा उठला. ती ठसकली, शेजारची म्हातारी दारातूनच ठसकत मागं फिरली. धोंडीरामाच्या डोळ्यांतून पाणी आलं, घशात चरचरलं, पण वास आला नाही.

त्यानं उठून फडताळातली तुपाची वाटी नाकाशी धरली. काही नाही. जिभेवर ठेवलं. गुळगुळीत काहीतरी जिभेवर वितळलं, एवढंच. गूळ गोड लागत होता, मीठ खारट लागत होतं, चिंच आंबट. पण गूळ आणि साखर यांत फरक कळेना. तूप आणि तेल यांत कळेना.

येईल परत, असं त्यानं मनाला समजावलं. कुणाला सांगितलं नाही. छबुबाईलाही नाही.

आडतीत बोलावणं आलं तेव्हा तो गेला आणि ओट्यावर बसला. चिप, हात, नाक, जीभ, फुटाणे, चूळ. सगळं पूर्वीसारखंच केलं. फक्त आता तो डोळे मिटत नव्हता. तुपाचा रवा बघायचा, रंग बघायचा, चरवी आणणाऱ्याचं तोंड बघायचा. ज्याची नजर चळायची त्याला म्हणायचा, "ह्या खेपेला राहू दे." ज्यांचं तूप वर्षानुवर्षं चांगलं होतं त्यांचं घ्यायचा. बहुतेक वेळा अंदाज खरा निघायचा. बाजार उठला की घरी येताना त्याच्या पाठीला घाम सुटलेला असायचा.

मग एकदा नगरहून डबे परत आले. त्यात चरबी निघाली, असा निरोप होता.

आप्पा कधी आवाज चढवून बोलत नसत. त्या दिवशीही चढवला नाही. "धोंडीराम," ते म्हणाले, "आजपातुर असं झालं न्हवतं. आता नगरचा शेट सोता येनार हाय. त्येच्यासमोर चाखायचं. तुझ्या जबानीवर माझा माल जातो, ध्यानात ठेव."

धोंडीराम "व्हय" म्हणाला.

शेट आला. उंचापुरा, गळाबंद कोट, बोलायला गोड माणूस. ओट्यावर चटई घातली, चरव्या ओळीनं मांडल्या. बाजार सोडून माणसं भोवती जमली, कारण अशी परीक्षा रोज बघायला मिळत नाही. धोंडीराम एकेका चरवीवरून पुढं सरकू लागला. पहिल्या चरव्यांना त्यानं "ठीक" म्हटलं. प्रत्येक "ठीक" नंतर शेट त्याच्याकडं बघत होता. सगळंच ठीक म्हटलं तर हा माणूस काय म्हणेल? चरबी आली कुठून, असं विचारेल. एकाला तरी बाजूला काढायला हवं होतं.

पुढची चरवी मनकर्णेची होती. मनकर्णा म्हणजे सिदू धनगराची बायको. डोंगरात लिंबागणेशच्या वाटेला त्यांची वस्ती होती, मेंढरं होती, चार म्हशी होत्या. तिचं तूप आडतीत यायचंच, पण त्याआधी एक तांब्या लिंबागणेशच्या गणपतीपुढच्या दिव्याला जायचा. तिच्या सासूपासूनची ती रीत होती. गुरव दुसऱ्या कुणाचं तूप त्या दिव्यात घालत नसे.

त्या दिवशी तिचं तूप नेहमीपेक्षा पांढरं दिसत होतं. हिरवा चारा संपला होता, म्हशी वाळल्या कडब्यावर होत्या. तूप पांढरं पडायला एवढं पुरे. हे धोंडीरामाला दुसऱ्या कुठल्याही दिवशी आठवलं असतं. त्यानं चिप जिभेला लावली आणि थांबला. त्याला म्हणायचं होतं, कढ जरा कमी पडलाय. तेवढंच. पण तो थांबलेला बघून शेट पुढं वाकला आणि त्यानं हळूच विचारलं, "चरबी?"

धोंडीरामानं होकारार्थी मान हलवली.

गर्दीतून एक लाट गेल्यासारखी झाली. मनकर्णा समोरच उभी होती. तिला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, "धोंडीरामभाऊ, नीट बगा. माझ्या म्हशीचं हाय. म्या सोता कढवलंय."

धोंडीराम फुटाणे चावत होता. तोंड भरलेलं होतं म्हणून बोलता आलं नाही, असं तो पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिला.

"दुसऱ्यांदा चाखा की," ती म्हणाली.

"पारख्यानं एकदा सांगितलं, बाई," गर्दीतला कुणीतरी म्हणाला. "उचल तुजी चरवी."

ती चरवी उचलून गेली. शेट खूश झाला, आप्पांनी धोंडीरामाच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशी घरी येऊन त्यानं पोटभर जेवण केलं, आणि आपल्याला जेवण गेलं कसं याचं त्याला नंतर फार वाईट वाटलं.

चरबी हा शब्द साधा नाही. पाणी घातलं, तेल घातलं, तर लबाडी म्हणतात आणि विसरतात. चरबी म्हटलं की धर्म बुडतो. कुठल्या जनावराची चरबी, हे ज्यानं त्यानं आपल्या मनानं ठरवलं. लिंबागणेशच्या गुरवानं दिवा घासून, धुऊन, नव्या वातीनं लावला आणि उरलेलं तूप तांब्यासकट सिदूच्या वस्तीवर परत पाठवलं. चतुर्थीला मनकर्णा देवळात गेली तेव्हा तिला पायरीच्या खाली उभं राहून हात जोडावे लागले. आडतीत तिचं तूप बंद झालंच, पाटोद्यात घरोघर देत होती तेही बंद झालं. सिदूच्या भावकीनं त्यांच्या घरचं पाणी टाकलं. हे सगळं बाजारात येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडून धोंडीरामाच्या कानावर येत राहिलं. तो ऐकायचा आणि "कलयुग हाय" म्हणायचा.

उन्हाळा सरता सरता बीडला बबनराव नावाच्या माणसानं बिंदुसरा नदीच्या अलीकडे हॉटेल काढलं. बाकं, टेबलं, भिंतीवर आरसे, काचेच्या पेल्यात चहा आणि सरबत, दुपारी ब्राह्मण आचाऱ्याच्या हातचं जेवण. तालुक्यांच्या गावांतून येणारे व्यापारी पुढं आपल्याकडेच उतरावेत म्हणून त्यानं पहिल्या दिवशी सगळ्यांना चाखायला बोलावलं. गुरलिंगअप्पा धोंडीरामाला घेऊन गेले. नगरचा शेटही आला होता.

बबनराव हौशी. सगळे बसल्यावर म्हणाला, "मंडळी, आपल्या भागाचा पारखी हितं हाय. तेव्हा आधी धोंडीरामभाऊंनी चाखायचं, मग आपण हात घालायचा. त्यांनी नाव ठेवलं तर मी हॉटेल बंद करतो."

लोक हसले. धोंडीरामापुढं एकेक जिन्नस आला. चहा आला, गरम आणि गोड होता, त्यानं "चांगला" म्हटलं. सरबत आंबटगोड, भजी कुरकुरीत, वरण खारट नव्हतं. त्याला धीर आला. इथं काही भेसळ पकडायची नव्हती, नुसतं चांगलं म्हणायचं होतं. शेवटी बासुंदीची वाटी आली, वरून वेलदोडा-जायफळ भुरभुरलेली. त्यानं घोट घेतला. दाट, गार, गोड. त्यानं वाटी तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली आणि म्हणाला, "वा. अशी बासुंदी म्या उभ्या जन्मात खाल्ली न्हाई. आनखी द्या."

दुसरी वाटी तो अर्धी प्यायला तेव्हा बाकीच्यांच्या वाट्या तोंडाला लागल्या.

शेटनं पहिला घोट तोंडात धरला आणि गिळला नाही. उठून दाराबाहेर गेला. आप्पांनी वाटी खाली ठेवून उपरण्यानं ओठ पुसले. कुणीतरी टेबलाखाली थुंकलं. "घासलेट," एकजण म्हणाला. "अरे, ह्यात घासलेट हाय."

झालं होतं असं, की साखर आणली ती घासलेटच्या जुन्या डब्यात. डबा धुतला होता, पण धुऊन घासलेट जातं कुठं? नैवेद्याआधी चाखायचं नाही म्हणून आचाऱ्यानं चाखलं नव्हतं, आणि मसाल्याच्या वासाखाली ते दबलं होतं. तोंडात घेतल्यावर मात्र लपत नव्हतं.

बबनराव आचाऱ्याच्या अंगावर धावून गेला. पण बाकीचे कुणी आचाऱ्याकडं बघत नव्हते. ते धोंडीरामाकडं बघत होते. त्याला वाटलं, थट्टा चाललीय. तो हसला. हातात अर्धी वाटी होती, मिशीला बासुंदी लागली होती. कुणी हसलं नाही. तेव्हा त्यानं वाटीत बघितलं, जणू तिथं काही दिसणार होतं, आणि वाटी ठेवायला टेबल दिसेना म्हणून ती तशीच धरून राहिला.

परतीच्या वाटेवर गाडी मांजरसुंब्याचा घाट चढून आली. मग आप्पांनी गाडीवानाला पाणी आणायला पाठवून विचारलं, "कवापासून?"

"मानमोडीपासून."

आप्पा बैलांकडं वळले. "मंजे ती धनगरीन..."

धोंडीरामानं मान खाली घातली.

"हे बघ," आप्पा म्हणाले, "झालं ते झालं. बासुंदीचं मी निभावून नेतो. सर्दी झालती म्हनू. पर मानमोडीपासून असं कुनाजवळ बोलू नको. तवापासून म्या पाठवलेला डबा न् डबा संशयात येईल. बाईचं काय, दोन सालात लोक इसरतील."

धोंडीराम घरी आला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. छबुबाईनं ताट वाढलं, तो उठला नाही. ती शेजारी येऊन बसली.

"बीडला काय झालं ते गाडीवानानं सांगितलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला कवाच म्हाईत हाय."

तो उठून बसला. "काय म्हाईत हाय?"

"तुमी दुखन्यातनं उठला त्या टायमाला एकदा आमटी आंबली व्हती. टाकायची म्हनून बाजूला ठिवली व्हती. तुमी ती वाढून घेतली, दुसऱ्यांदा मागितली. तवाच वळखलं."

"मग बोलली कावून न्हाई?"

"तुमी बोलला न्हाई, मंग मी कशी बोलू? आडत सुटली तर खायाचं काय, ह्ये बी मनात आलं." ती पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. "मनकर्णेचं झालं त्या दिवशी मी बाजारातच व्हते. तिच्या मागं मागं वेशीपातुर गेलते. हाक माराया तोंड उघडलं न्हाई. तुमच्या एकट्याचं पाप न्हाई ते."

आपलं गुपित आपल्यापाशी आहे म्हणून त्यानं एवढे दिवस काढले होते. आता कळलं, की रोज जेवताना समोर बसलेलं माणूस सगळं बघत होतं आणि त्याच्यासाठी लाजत होतं. बासुंदीच्या वाटीपेक्षा हे त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत तो डोंगराच्या वाटेला लागला.

वस्तीवर कुत्री अंगावर आली. सिदू काठी घेऊन बाहेर आला, बघितलं कोण आहे ते, आणि कुत्र्यांना आवरलं नाही. "कशाला आलास बे?" तो म्हणाला. "आता काय मेंढराच्या दुधात बी चरबी हाय मनून सांगायला?"

मनकर्णा गोठ्यातून शेणाचे हात घेऊन बाहेर आली. तिनं कुत्र्यांना हाकललं. ये म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. धोंडीराम अंगणाच्या कडेला उभा राहून बोलला. ताप, नाक, जीभ, चिप, पांढरं तूप. बोलताना त्याला जाणवलं, की आपण ताप फार लांबवून सांगतोय. तो मधेच थांबला आणि म्हणाला, "तुज्या तुपाचं मला काईच कळलं न्हवतं. चरबी म्या म्हनलो न्हाई, शेट म्हनला. म्या नुसती मान हलवली."

"हलवली न्हवं?"

"हलवली."

मनकर्णा हात धुवायला गेली, धुऊन आली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्याला उभं राहणं सोपं गेलं असतं. "भाऊ, मला म्हाईतच हाय माज्या तुपात काय व्हतं. ह्या म्हशीस्नी बी म्हाईत हाय. आमाला येऊन सांगून काय उपेग? तुमी बाजारात मान हलवली. तितं जाऊन सांगा. आन् गुरवाला सांगा."

"सांगतो."

"सांगा मग," ती म्हणाली आणि आत गेली. पाणी विचारलं नाही. त्यांच्या घरचं पाणी आता कोण पीत होतं?

गुरवाकडं तो वाटेतच गेला. गुरवानं ऐकून घेतलं, "अरेरे" म्हटलं, देवापुढं नाक घासायला लावलं. बाजाराच्या दिवशी मात्र त्याचे पाय आडतीपाशी येऊन अडले. आप्पांनी त्याला बघितलं आणि तो काय करणार हे ओळखलं. "धोंडीराम, आत ये," ते म्हणाले. तो आत गेला नाही. ओट्यावर चढला. नेहमी बसायचा तिथं आज उभा राहिला. लोकांना वाटलं, चाखणं सुरू होतंय.

त्यानं सांगितलं. मोठ्यानं सांगायचं ठरवलं होतं, पण आवाज फुटेना. मागच्यांना ऐकू गेलं नाही, ते "काय म्हनतो? काय म्हनतो?" विचारत राहिले, आणि त्याला तेच पुन्हा सांगावं लागलं. मला वास येत न्हाई. चव कळत न्हाई. मानमोडीपासून. मनकर्णाबाईचं तूप सुद्ध व्हतं.

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. ज्यांचं तूप त्यानं परत पाठवलं होतं ते शिव्या देऊ लागले, आणि त्यांचं बरोबर होतं. एक म्हातारा म्हणाला, "धनगरानं हात ओला केला आसंल ह्याचा." ते ऐकून काहींनी माना हलवल्या. धोंडीरामानं त्या माना हलताना बघितल्या. खोटं बोललो तेव्हा सगळ्यांनी खरं मानलं आणि आता खरं सांगतोय तर अर्धा बाजार खोटं मानतोय, हे त्याला ओट्यावर उभ्या उभ्या कळलं. तो खाली उतरला. कुणी वाट अडवली नाही. अंग लागू नये म्हणून माणसं जरा बाजूला झाली.

आप्पांनी त्याला पुन्हा आडतीत बोलावलं नाही. नगरच्या शेटनं काही काळ माल घेणं थांबवलं, मग पुन्हा सुरू केलं. व्यापार कुणासाठी अडत नाही. धोंडीराम माळाच्या जमिनीत राबू लागला. पंगतीला जायचं त्यानं सोडलं. जावंच लागलं तर शेवटच्या ओळीत बसायचा, पानात येईल ते खाली मान घालून खायचा, आणि शेजाऱ्यानं "भाजी कशी झालीय?" असं सहज विचारलं तरी त्याच्या कानाच्या पाळ्या तापायच्या.

गुरवानं मनकर्णेकडं तूप मागायला माणूस पाठवला होता. तिनं दिलं नाही. "देवाला म्या सोडलं न्हाई," ती म्हणाली, "देवाच्या मानसांनी तूप परत केलं. आता घालू द्या दुसऱ्या कुनाचं." भावकीनं पाणी सुरू केलं, पण हळूहळू, एकेक घर करून. आडतीत तर तिनं पुन्हा पाऊल टाकलं नाही. तिनं आणि सिदूनं बाजाराच्या कडेला चूल मांडली आणि खवा करायला सुरुवात केली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दूध कढईत ओतायचं, लोकांसमोर आटवायचं, लोकांसमोर तोलायचं. कुणी काही घातलं म्हणायला जागाच ठेवली नाही. दुपार व्हायच्या आत तिचा खवा संपायचा.

धोंडीराम बाजारात आला की त्या बाजूनं जात नसे. मागच्या बोळातून यायचा, मीठमिरची घेऊन मागच्या बोळातून जायचा. असं काही वर्षं चाललं. एकदा बोळात गाडी मोडून पडली होती, म्हणून त्याला तिच्या चुलीसमोरून जावं लागलं. तो पटका पुढं ओढून निघाला होता.

"पारखी," तिनं हाक मारली.

त्या नावानं त्याला हल्ली कुणी बोलवत नव्हतं. तो थांबला. चुलीभोवती गिऱ्हाइकं होती, त्यांनी वळून बघितलं. मनकर्णेनं कढईच्या कडेचा गरम खवा उलथन्यानं काढून पळसाच्या पानावर ठेवला आणि पान पुढं केलं. धोंडीरामाला वाटलं, आता ही चार लोकांत विचारणार, कसा झालाय. विचारू दे, तिचा हक्क आहे.

"मला चव कळत न्हाई, बाई," तो म्हणाला.

"समद्यांला म्हाईत हाय ते. चाखाया न्हाई दिला. खायाला दिलाय."

त्यानं दोन्ही हातांनी पान घेतलं. खवा गरम होता, बोटं भाजत होती. तिथंच, लोकांच्या मधे उभं राहून त्यानं तो सगळा खाल्ला. वर बघायची हिंमत झाली नाही. मनकर्णा तोवर पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलू लागली होती. त्यानं पान दुमडून चुलीत टाकलं, धोतराला हात पुसले आणि घरची वाट धरली.